नेक्स्टक्लाउडचा पुश आणि राहून गेलेला स्लॅश

माझ्या सर्व्हरवर नेक्स्टक्लाउड आहे, म्हणजे फाइली साठवून सगळ्या उपकरणांवर सारख्या ठेवणारी प्रणाली. तिला लॅपटॉपवरचा डेस्कटॉप क्लायंट (तिचं ॲप) दर ३० सेकंदांनी ‘काही नवीन आहे का?’ विचारायचा आणि लॉग त्याच त्या ओळींनी भरायचा. शेवटी नोटिफाय पुश बसवायला घेतलं. ही छोटी सेवा ७८६७ पोर्टवर चालते, रेडिसकडून (मेमरीत चालणारा डेटाबेस) बदलांची खबर घेते आणि वेबसॉकेटवरून (सतत उघडी राहणारी जोडणी) क्लायंटला लगेच कळवते.

सेवा सुरू झाली, पण सेल्फ-टेस्ट म्हणे पुश सर्व्हरशी संपर्कच होत नाही. मी आधी फायरवॉल उलटापालटा केला. (काहीही बिघडलं की त्याच्यावर संशय, ही माझी जुनी खोड.) तासभर गेल्यावर सुचलं, डोमेनवरून कर्ल (कमांड लाइनवरून विनंती पाठवणारं साधन) मारून बघू. उत्तर आलं ४०४ (‘असं काही सापडलं नाही’). म्हणजे दार उघडं होतं, पत्ता चुकत होता! एन्जिनएक्स हा माझा प्रॉक्सी, म्हणजे बाहेरची विनंती घेऊन आतल्या सेवेकडे पाठवणारा वेब सर्व्हर. त्यात पुशच्या मार्गाचा लोकेशन ब्लॉक (त्या मार्गाचे नियम) लिहिताना प्रॉक्सी पासच्या (विनंती कुठे पाठवायची ते सांगणारी ओळ) पत्त्याच्या शेवटी स्लॅश द्यायचा राहिला होता. तो दिला की पुढे पाठवताना मार्गातला ‘पुश’ गळतो. नाही दिला तर अख्खा मार्ग जसाच्या तसा जातो आणि पलीकडच्या सेवेला तो ओळखूच येत नाही. वेबसॉकेटसाठी लागणारे अपग्रेड आणि कनेक्शन हे हेडर (विनंतीसोबतच्या सूचना) प्रॉक्सी आपणहून पुढे देत नाही, ते मात्र मी आधीच लिहिले होते.

स्लॅश टाकला, रीलोड केलं. आता नवी तक्रार: पुश सर्व्हर हा विश्वासू प्रॉक्सी नाही. नेक्स्टक्लाउड डॉकरमध्ये (सेवा वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) असल्याने त्याला विनंती १२७.०.०.१ वरून (मशीनचा स्वतःसाठीचा पत्ता) नव्हे, डॉकरच्या नेटवर्कमधल्या १७२ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावरून येत होती. ट्रस्टेड प्रॉक्सीजमध्ये (विश्वासू प्रॉक्सींच्या पत्त्यांची यादी) एकच पत्ता घातला असता तर कंटेनर नव्याने उभा केल्यावर तो बदलण्याची शक्यता, म्हणून त्या नेटवर्कचा सबनेट (पत्त्यांचा पूर्ण पट्टा) घातला. त्याहून मोठी रेंज देऊ नये. या यादीतल्या पत्त्याने कळवलेला क्लायंटचा आयपी नेक्स्टक्लाउड खरा मानतं.

टेस्ट हिरवी झाली, तरी लॉगमध्ये १०१ (वेबसॉकेट जोडला गेल्याचा कोड) दिसेना. पुन्हा धास्ती. मग लक्षात आलं, एन्जिनएक्स ॲक्सेस लॉगमध्ये ओळ लिहितं ते विनंती संपल्यावर, आणि वेबसॉकेट तर उघडाच राहतो. लॅपटॉपवरचा क्लायंट बंद केला आणि १०१ ची ओळ उमटली. पुन्हा चालू करून फोनवरून एक फोटो चढवला. फोन खाली ठेवेपर्यंत तो लॅपटॉपवर उतरायलाही लागला होता.