एसओएस, बोनाफाईड आणि इन कॅमेरा

तापाच्या गोळीपुढे डॉक्टरांनी 'एसओएस' लिहिलेलं दिसलं की घरातलं कुणीतरी दचकतंच. बुडत्या जहाजाची हाक इथे कशाला? खरं तर या दोन एसओएसचं एकमेकांशी काही नातं नाही. जहाजाचा एसओएस १९०६ साली बर्लिनच्या परिषदेत मान्य झाला. मोर्स लिपीत तीन ठिपके, तीन रेघा, तीन ठिपके हा संदेश चटकन पाठवता येतो आणि ऐकणाऱ्याला लगेच कळतो, एवढंच त्यामागचं कारण. 'सेव्ह अवर सोल्स' हे त्याला मागाहून चिकटवलेलं. चिठ्ठीवरचा एसओएस म्हणजे लॅटिन 'सी ओपस सिट', गरज पडली तर. अंग तापलं, डोकं ठणकलं तर घ्या, नाहीतर पाकीट कपाटात राहू द्या.

या शेऱ्यात एक उणीव मात्र आहे. गोळी कधी घ्यायची ते तो सांगतो, किती वेळा घ्यायची ते सांगत नाही. पॅरासिटामॉल ६५० च्या दोन गोळ्यांमध्ये सहसा चार ते सहा तासांचं अंतर ठेवतात. धडधाकट प्रौढालाही चोवीस तासांत चार ग्रॅम, म्हणजे अशा सहा गोळ्या, ही वरची हद्द. यकृताचा त्रास असेल किंवा रोजचं मद्यपान असेल तर त्याहूनही खाली. त्यामुळे एसओएस दिसलं की 'दिवसात जास्तीत जास्त किती?' हे दवाखान्यातच विचारून घ्यावं.

चिठ्ठीवरची बाकीची अक्षरंही याच घराण्यातली. सगळ्यात वर पाय कापलेला जो आर असतो तो 'रेसिपे', म्हणजे 'घे'. स्वयंपाकघरातली रेसिपी तीच. बीडी म्हणजे 'बिस डिये', दिवसातून दोनदा. टीडीएस तीनदा, इथे आयकर खात्याचा काही संबंध नाही. एचएस झोपताना, एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. टीडीएसमध्ये लोक गडबड करतात ती अशी: सकाळी नऊ, दुपारी एक, संध्याकाळी सहा अशा तीन गोळ्या संपवून मोकळे होतात आणि रात्रभर औषधाचा पत्ता नसतो. अँटिबायोटिक असेल तर आठ-आठ तासांचं अंतर शक्य तितकं पाळायला हवं, कारण रक्तातली औषधाची पातळी मध्ये फार खाली जाऊ द्यायची नसते.

सगळ्यात घातकी अक्षरं ओडीची. गोळीपुढे ओडी आलं तर 'ओम्नी डिये', रोज एकदा. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कागदावर तेच ओडी म्हणजे 'ओक्युलस डेक्स्टर', उजवा डोळा. आता थेंबांच्या बाटलीपुढे नुसतं ओडी लिहिलं तर दिवसातून एकदा समजायचं की उजव्या डोळ्यात? दोन्ही अर्थ बसतात, आणि दोन्ही एकाच वेळी बरोबर असतील असं नाही. (हा 'डेक्स्टर' आपल्या 'दक्षिण'चा चुलतभाऊ, संस्कृतात दक्षिण म्हणजे उजवासुद्धा.) अमेरिकेत रोज एकदासाठी क्यूडी लिहायची पद्धत होती. दोन अक्षरांमधल्या टिंबाला जरा शेपूट फुटलं की त्याचं क्यूआयडी व्हायचं आणि रोग्याच्या पोटात एकाऐवजी चार गोळ्या जायच्या. तिथल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ साली वापरायचे नाहीत अशा संक्षेपांची यादीच काढली आणि क्यूडी तिच्यात टाकलं. आपल्याकडच्या डॉक्टरांनी १-०-१ असं लिहायची जी युक्ती रूढ केली, तिला त्या मानाने कुणी पुरेसं नावाजलेलं नाही. सकाळ, दुपार, रात्र, भाषाच नको.

शाळा-कॉलेजच्या ऑफिसात गेलं की खिडकीवर दुसरी लॅटिन भेटते. 'बोनाफाईड काढायचंय.' इंग्रजीत हे विशेषण, पुढे काहीतरी लागतंच. मराठीत ते आपल्या पायावर उभं राहिलेलं नाम आहे आणि त्याचं अनेकवचनसुद्धा होतं. 'दोन बोनाफाईडं लागतील, एक एसटीच्या पासाला, एक स्कॉलरशिपला.' मूळ अर्थ 'चांगल्या विश्वासाने', खऱ्या दानतीने. इंग्रज वकील उच्चार करतो 'बोना फायडी', रोमन माणूस म्हणाला असता 'बोना फिदे'. आपलं बोनाफाईड दोघांपैकी कुणाचंच नाही, आणि त्यावाचून कुणाचं अडलेलंही नाही. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. बोनाफाईड म्हणजे 'हा विद्यार्थी सध्या आमच्याकडे शिकतो' एवढंच. शाळा सोडलेल्याला ते सहसा मिळत नाही, त्याने सोडल्याचा दाखला काढायचा. आणि कशासाठी हवं ते अर्जात लिहावं, कारण दाखल्यावर ते कारण यावं असा पुढच्या खिडकीवरच्या माणसाचा हट्ट असू शकतो.

त्याच इमारतीत वर्षाच्या शेवटी 'व्हायवा' होतो. 'व्हायवा व्होसी'चा पहिला तुकडा ठेवून दुसरा आपण टाकून दिला. 'जिवंत आवाजाने' असा त्याचा अर्थ, आणि गंमत म्हणजे यातले दोन्ही शब्द आपल्या घरातले: 'व्हायवा'चं मूळ आणि 'जीव'चं मूळ एक, 'व्होसी'चं आणि 'वाचा'चं एक. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच झऱ्यातून निघाल्या असाव्यात असं मांडलं. बाहेरच्या परीक्षकासमोर घसा कोरडा पडलेल्या विद्यार्थ्याला याचा उपयोग शून्य, ही गोष्ट वेगळी.

माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मात्र कुणीतरी एकदा सांगायला हवं: 'मी या कॉलेजचा अॅल्युमनी' म्हणजे 'मी या कॉलेजचे माजी विद्यार्थी'. एकटा पुरुष अॅल्युमनस, एकटी बाई अॅल्युम्ना. घोळ टाळायचा तर माजी विद्यार्थी म्हणावं, काही बिघडत नाही.

सरकारी पत्रांतली लॅटिन आणखी मजेशीर, कारण ती तिकडच्यापेक्षा वेगळ्या वळणाने वाढली. 'सदर रक्कम वाइड लेटर नंबर अमुक मंजूर झाली' अशा अर्थाची इंग्रजी वाक्यं आपल्या कचेऱ्यांत रोज लिहिली जातात. मुळात 'वाइड' (vide) हा लॅटिन शब्द आज्ञार्थी: 'पाहा'. तळटीपेत 'वाइड पान ४०' म्हटलं की वाचकाने पान ४० उघडावं एवढीच अपेक्षा. आपल्या कारकुनाने त्याला शासन निर्णयातल्या 'अन्वये'चं काम दिलं आणि ते त्याने चोख केलं. परदेशात जाणाऱ्या पत्रात मात्र तिथे 'अंडर' लिहावं, नाहीतर वाचणारा काय पाहायचं ते शोधत बसेल. 'नामे', 'पुढीलप्रमाणे' या अर्थाने येणाऱ्या 'व्हिज'मधला झेड हा खरं तर झेड नव्हेच. 'व्हिडेलिसेट' लिहिताना मध्ययुगातले लेखनिक शेवटच्या अक्षरांऐवजी ३ सारखी एक खूण करत. छापखान्यात तिचा झेड झाला. मोठ्याने वाचताना तिथे इंग्रजी 'नेमली' (namely) म्हणतात.

आयई आणि ईजी यांची अदलाबदल मात्र हसण्यावारी न्यायची नाही. आयई म्हणजे 'म्हणजेच', ईजी म्हणजे 'उदाहरणार्थ'. 'ओळखपत्र, आयई आधार किंवा पॅन' असा नियम लिहिला की यादी तिथेच बंद झाली; मतदार कार्ड घेऊन आलेल्याला परत पाठवता येतं. ईजी लिहिलं असतं तर त्याचं काम झालं असतं. ईजीने सुरू केलेल्या यादीच्या शेवटी 'एटसेट्रा'ही नको, ही चार नमुन्यादाखल आहेत हे आधीच सांगून झालेलं असतं. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळाने तर २०१६ साली ईजी, आयई आणि एटसेट्रा काढून टाकायचं ठरवलं. दृष्टिहीनांसाठी पान वाचून दाखवणारी काही सॉफ्टवेअर ईजीचा उच्चार 'एग' असा करत होती, हे त्याचं एक कारण.

इंग्लंडच्या दिवाणी न्यायालयांनी ही साफसफाई त्याआधीच केली होती. २६ एप्रिल १९९९ पासून तिथे नवे नियम आले आणि 'एक्स पार्टे'च्या (दुसऱ्या बाजूला न कळवता) जागी 'विदाऊट नोटीस', 'इन कॅमेरा'च्या जागी 'इन प्रायव्हेट' असं साधं इंग्रजी आलं. आपल्याकडे फारसीबाबत हा उद्योग शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश करून झाला होता. तरी 'सबब', 'मजकूर' आणि 'सदरहू' दप्तरातून हलले नाहीत. लॅटिनचंही तेच. मुंबई उच्च न्यायालयाने 'सुमोटो' दखल घेतल्याची बातमी मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. व्याकरणाने ते 'सुओ मोटू', आपल्या मनाने, कुणी न सांगता. अमेरिकेत त्यासाठी 'सुआ स्पॉन्टे' म्हणतात. अशा प्रकरणात अर्जदारच नसल्याने बाजू मांडायला न्यायालय बहुधा एखाद्या वकिलाला 'अॅमिकस क्युरी' नेमतं, म्हणजे न्यायमित्र.

'स्टेटस को'ला मराठीने 'जैसे थे' हा फर्मास शब्द दिला. दिसतो हिंदी, पण हिंदीवाले 'यथास्थिति' म्हणतात. त्याचा एक थोरला भाऊ आहे, 'स्टेटस को अँटे', आणि दोघांतला फरक शेताच्या बांधावर कळतो. शेजाऱ्याने सोमवारी ट्रॅक्टर घालून बांध कोरला, तुम्ही बुधवारी कोर्टात गेलात, गुरुवारी 'जैसे थे'चा आदेश मिळाला. आता जैसे थे म्हणजे गुरुवारी जैसे होते तैसे: बांध कोरलेलाच, आणि त्या आदेशाचा कवच म्हणून वापर करणार शेजारीच! सोमवारच्या आधीची स्थिती परत हवी असेल तर तशी वेगळी मागणी अर्जातच करावी लागते, आणि ती मिळणं जास्त अवघड, कारण त्यात कोर्टाने नुसतं थांबवायचं नसतं, झालेलं उलटवायचं असतं. आदेशात कोणत्या तारखेची स्थिती, ताबा कुणाकडे, हे लिहून घेतलं नाही तर दोन्ही बाजू आपापलं 'जैसे थे' घेऊन घरी जातात.

'इन कॅमेरा'ची कहाणी सगळ्यात मासलेवाईक. लॅटिनमध्ये कॅमेरा म्हणजे खोली. पोर्तुगिजांमार्फत आलेला 'कमरा' तोच, आणि छायाचित्राचं यंत्र म्हणजे 'अंधारी खोली' या जुन्या नावाचा उरलेला अर्धा. तेव्हा इन कॅमेरा सुनावणी म्हणजे न्यायाधीशांच्या खोलीत, बंद दाराआड. बलात्काराच्या खटल्यांची सुनावणी कायद्यानेच अशी घ्यायची असते. पण कोठडीत कुणाचा मृत्यू झाला की नातेवाईक मागणी करतात 'इन कॅमेरा शवविच्छेदना'ची, आणि तिथे त्यांना व्हिडिओ चित्रीकरण हवं असतं, म्हणजे लपवाछपवी नको. एकाच वर्तमानपत्राच्या एकाच पानावर हे दोन्ही अर्थ सुखाने नांदतात. वाचताना पुढचा शब्द बघायचा: सुनावणी असेल तर दार बंद, शवविच्छेदन असेल तर कॅमेरा चालू.