पाव किलोच्या खालचं माप

मंडईत पाव किलोच्या खाली कुणी बोलत नाही. अर्धा पाव मागितला तर भाजीवाला आधी आपल्याकडे बघतो, मग काट्याकडे. कुंडीत भाजी लावणाऱ्याला मात्र हा पाव किलो साफ विसरावा लागतो. तिथे सगळा हिशेब नगावर, आणि तेही एका हाताची बोटं पुरून उरतील इतके.

भेंडीचंच घ्या. झाड लावायला सोपं, फूल देखणं. फिकट पिवळं, पोटात गडद तांबडं. सकाळी उमलतं, संध्याकाळपर्यंत मिटतं, आणि पुढच्या चार-पाच दिवसांत शेंग तोडायला येते. त्यानंतर दोन दिवस लक्ष गेलं नाही की ती जून झालीच. पण चार कुंड्यांतली चार झाडं आपसात ठरवून एका दिवशी शेंगा देत नाहीत. आज दोन, परवा एक. काचऱ्या करायच्या तर माणशी निदान आठ-दहा भेंड्या हव्यात. म्हणून आजच्या दोन फ्रिजमध्ये जातात, परवाची एक त्यांच्या सोबतीला, आणि भाजीपुरत्या जमेपर्यंत पहिल्या दोघींनी मान टाकलेली असते. आमच्या सासूबाई चिपळूणकडच्या. माहेरी मोठं परस, त्यात भेंडीच्या ओळीच्या ओळी. माझ्या तळहातावरच्या तीन भेंड्या पाहून त्या म्हणाल्या, "नैवेद्याला पुरतील गं. भाजीची बाजारातूनच आण."

कुंडी खरी उपयोगाची आहे ती चिमटीने लागणाऱ्या गोष्टींना. फोडणीला सात-आठ पानं कढीपत्ता, उकळत्या चहात गवती चहाचं एक पातं, ताकात चार पानं पुदिना. बाजारात हे सगळं जुडीने घ्यावं लागतं, नाहीतर भाजीवाली वर फुकट टाकते, आणि दोन्ही प्रकारांत निम्मं फ्रिजमधल्या पिशवीत काळं पडतं. पुदिना तर लावावाही लागत नाही. चटणीसाठी पानं खुडून झाली की उरलेल्या काड्या पाण्यात उभ्या करायच्या, मुळं फुटली की मातीत खोचायच्या. पानओवा त्याहून उदार. पावसात अवचित पाहुणे आले, पंधरा-वीस पानं तोडली, डाळीच्या पिठात बुडवून तळली, तरी झाडाच्या ते गावीही नसतं.

कोथिंबीर मात्र मानी. धणे अख्खे पेरून चालत नाही, आधी रगडून दोन दळं वेगळी करायची. मग आठ-दहा दिवस नुसत्या मातीकडे बघत पाणी घालायचं. कोंब येतात ते लांबट, गवतासारखे. कोथिंबिरीचं खरं कातरलेलं पान त्यानंतर येतं. इतर रोपं एका कुंडीतून उचलून दुसऱ्या कुंडीत बसवावीत तसं तिला हलवता येत नाही, कारण सोटमूळ दुखावलं की ती रुसते. आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात पानांऐवजी थेट तुऱ्यावरच येते.

उन्हाचं गणित मला नर्सरीवाल्याने सांगितलं नव्हतं, गॅलरीनेच शिकवलं. आमची गॅलरी दक्षिणेची, ठाण्यात. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, ऊन गॅलरी ओलांडून सोफ्यापर्यंत येतं आणि टोमॅटो-मिरची खूश असतात. मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो, आणि तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य असतो उत्तरेला. म्हणजे समोरच्यांच्या गॅलरीत. फळभाज्यांना सहाएक तास ऊन हवं, ते त्या दिवसांत आमच्याकडे मिळणार नाही, मग कितीही खत घाला. तेव्हा पावसाळ्यात आमच्याकडे अळू, मायाळू आणि माठ. अळूची बादली कपडे वाळत घालायच्या दोरीखाली ठेवली आहे. कोकणात ते न्हाणीच्या पाण्यावर वाढतं, इथे चादरींच्या ठिबक सिंचनावर.

मिरचीची पानं आकसून चुरगळली की त्याला बोकड्या म्हणतात. फुलकिडे, कोळी, पांढरी माशी यांतलं कुणीतरी त्यामागे असतं. निंबोळी अर्क वेळेवर फवारला तर थोडंफार वाचतं. कढीपत्त्याचा पाहुणा मात्र मी मारत नाही. लिंबावर अंडी घालणारी फुलपाखरं कढीपत्त्यावरही येतात, दोन्ही झाडं एकाच कुळातली. अळी लहान असताना हुबेहूब चिमणीच्या शिटेसारखी दिसते, काळपट, मध्ये पांढरा डाग. म्हणून कुणी तिच्या वाटेला जात नाही. मग कात टाकून हिरवी होते आणि एका दिवसात आमच्या आठवड्याच्या फोडण्या संपवते. चिमटीचं माप तिला कुणी शिकवलेलं नाही.

खताचं माप तर उलटंच. सालं, देठं, चहाचा चोथा कुंडीसाठी किलोने लागतो, निघतं ते चिमटीने. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर २००२ च्या सुमारास कॅन्टीनच्या ओल्या कचऱ्यावर बाग फुलवली गेली, आणि शहरातल्या अनेकांनी तिच्यावरून धडे घेतले. पण त्यांच्याकडे कॅन्टीन होतं. चौघांच्या घरातला कचरा खत होईपर्यंत बसून बसून इतका थोडा उरतो, की शेवटी गांडूळखताची पोती विकत आणावी लागतात.

एकदाच कुंडीने किलोची भाषा केली. रंगाच्या रिकाम्या डब्यात दुधी लावला होता, वेल ग्रिलवर चढला, फुलं आली. दुधीची फुलं पांढरी आणि संध्याकाळी उमलणारी, आणि आमच्या उंचीवर त्या वेळी त्यांच्याकडे कुणी फिरकत नाही. मग मालिका लागायच्या वेळेला मी नरफूल खुडून, पाकळ्या मागे सारून, मादीफुलावर टेकवत फिरायची. मादीफूल ओळखायला सोपं, त्याच्या मागे बोटाएवढा दुधी आधीच तयार असतो. एक धरला. इतका धरला की शेजारपाजारचे बघायला येऊ लागले, आणि जो बघायला येतो त्याच्यासमोर विळी काढवत नाही. शेवटी सासूबाईंनी नखाने साल दाबून बघितली. नख आत जाईना.

पण ऋषिपंचमीला याच चिमटीच्या मापाचं चीज होतं. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीची ती भाजी मुळी थोड्याथोड्याचीच. अळू, माठ, एखादी भेंडी, शिराळं, लाल भोपळा, सुरण, मक्याच्या कणसाचे तुकडे. बैलाच्या कष्टाचं काही त्यात चालत नाही. आमच्या गॅलरीत बैल कुठून येणार? कुंडीतली चार अळूची पानं आणि मूठभर माठ मी मोठ्या ऐटीत ओट्यावर ठेवला. धाकट्या मुलाने शंका काढली की आजी, या कुंडीत शेणखत आहे, ते बैलाचंही असेल. सासूबाईंनी अळूच्या देठांची सालं काढता काढता निकाल दिला, "शेण त्याने कष्टाने नाही टाकलेलं. चालतं." आणि मला सुरण आणायला बाजारात पिटाळलं. अर्धा पाव मागितला, तर मिळाला नाही.