दोन निळे

दुपारी साडेतीनला रंगारी चहा प्यायला खाली गेला आणि मी भिंतीसमोर स्टूल टाकून बसले. भिंतीवर पाटाएवढे दोन चौकोन. डावा निळा, उजवाही निळाच. शेडकार्डावर एकाच्या नावात समुद्र आहे, दुसऱ्याच्या नावात पहाट. रंगारी सरळ 'अलीकडचा' आणि 'पलीकडचा' म्हणतो. त्याच्या मते दोन्ही सेम आहेत, ताईंना उगाच वाटतंय.

उगाच नाही वाटत. सकाळी डावा बरा दिसतो आणि उजवा दवाखान्यासारखा. संध्याकाळी ट्यूब लावली की डावा जांभळट मारतो आणि उजवा एकदम शहाण्यासारखा वागायला लागतो. आज सहावा दिवस. आई असती तर 'हा चिंतामणीकडे झुकतोय' म्हणून तिनं एका वाक्यात निकाल लावला असता.

कऱ्हाडच्या घरी हा प्रश्नच नव्हता. दसऱ्याआधी अण्णा अंगणात पत्र्याच्या डब्यात चुन्याची कळी भिजत घालायचे. डबा रटरटायचा, वाफा यायच्या, आणि आम्ही मुलं तुळशीवृंदावनाच्या पलीकडे हद्दपार. चुना निवला की गाळायचा, डिंकाचं पाणी घालायचं आणि मग नीळ. कपड्यांचीच, फडक्याच्या पुरचुंडीत बांधलेली. ती बुडवून दोनदा पिळायची, ढवळायचं, कुंच्यावरचा एक थेंब डाव्या अंगठ्याच्या नखावर घ्यायचा आणि सुकेपर्यंत फुंकर घालत बसायचं. ओल्या चुन्यावरून काही कळत नाही. सुकलेलं नख उन्हात धरलं की कळतं. निळं दिसलं तर नीळ जास्त झाली, पिवळट दिसलं तर अजून एकदा पिळायची.

एका वर्षी धाकट्यानं पुरचुंडीच सोडली डब्यात. एवढा चुना फेकणार कोण? वर्षभर माजघर निळंशार. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला 'मुद्दाम केलंय' म्हणून सांगायची.

अण्णा आता 84 वर्षांचे, माझ्याकडेच असतात. गेल्या महिन्यात उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, डावा बाकी आहे. झोप झाल्यावर ते भिंतीला धरून बाहेर आले. म्हटलं, तुम्हीच सांगा. त्यांनी तळव्यानं एक डोळा झाकला, मग दुसरा. पुन्हा पहिला.

"हा एकच चौकोन," ते म्हणाले, "या डोळ्यानं आकाशी दिसतोय, त्या डोळ्यानं पारवा."

भिंग पिकलं की निळा उजेड आत यायचा कमी होतो, डॉक्टर म्हणाले होते. मला हसू आलं. म्हणजे माझे दोन, त्यांचे चार.

ते मात्र हसले नाहीत. खुर्चीत बसले. जरा वेळानं म्हणाले, "तुझ्या आईची ती चिंतामणी साडी. पंच्याहत्तरीची. मी हिरवी म्हणून भांडायचो ना गं तिच्याशी?"

"हो."

"आहे का?"

कपाटातून काढून दिली. घडी न मोडता त्यांनी ती खिडकीशी नेली, उजेडात धरली आणि डावा डोळा झाकून उभे राहिले. बराच वेळ.

रंगारी आला. "ताई, मग कुठला?"

"आत्ता नको," म्हटलं, "तू स्वयंपाकघराचं छत घे."