हात खाली, काकू

व्हिडिओ सुरू झाला आणि पहिली चार-पाच सेकंदं मला कळेचना की ही बाई मी आहे. नेरूळच्या आमच्या बिल्डिंगचं पोडियम, युनिसायकल, म्हणजे एकाच चाकाची सायकल, आणि त्यावर कमरेत वाकलेली, हनुवटी पुढे काढलेली, डावं कोपर बरगडीला घट्ट चिकटवलेली आणि उजवा हात मूठ आवळून सरळ वर ताणलेली एक बाई. आणि गंमत म्हणजे चालवताना मला आतून असं वाटत होतं की मी एकदम ताठ बसलेय आणि दोन्ही हात बाजूला छान पसरलेत. मुलगा मागून बघत होता, म्हणाला, "आई, तू लोकलमध्ये उभी असल्यासारखी दिसतेयस." आधी हसले. मग परत बघितला. तंतोतंत! उजव्या हातात हँडल, डाव्या काखेत पर्स, फक्त खाली ट्रेन नाही.

19 वर्षं नेरूळ ते सीएसएमटी उभ्याने केलंय, त्यामुळे पडतोयसं वाटलं की हात वर जातो, त्याला मला विचारावं लागत नाही.

सायकल भाच्याची. 20 इंची चाक, वर सीट, बास. आठ दिवसांत त्याची हौस फिटली आणि ती आमच्या गॅलरीत कपड्यांच्या स्टँडमागे येऊन पडली, मला ती रोज दिसायची, एक दिवस धूळ पुसायला काढली आणि खाली घेऊन गेले, का ते विचारू नका. पहिले तीन आठवडे रेलिंग सोडलंच नाही. हेल्मेट, गुडघ्याला पॅड, मनगटाला गार्ड असा सगळा जामानिमा, वॉचमनकाका रोज विचारायचे, "मॅडम, हिचं दुसरं चाक कधी येणार?" आता पार्किंगचे सात खांब एका दमात जाते. आठव्याला पडते. म्हणजे पडत नाही, उतरते, सायकल पडते.

शिकवणारे गुरुजी दहाव्या मजल्यावरचे, इयत्ता नववी. त्याचं सगळं शिक्षण दोन वाक्यांत आहे, "काकू, सीटवर बसा" आणि "काकू, हात खाली." पहिल्याचा मला रागच यायचा, अरे बसलेच आहे ना! पण मी बसलेली नसायचे, पेडलवर उभी असायचे. हिला चेन नाही, फ्रीव्हील नाही, पेडल थेट चाकालाच, पायाची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी, म्हणजे साधारण 1.6 मीटर. त्यामुळे दोन्ही पायांनी जोर लावला की पुढचा पाय चाक ढकलतो आणि मागचा त्याच चाकाला अडवतो, आपलेच दोन पाय एकमेकांशी भांडतात आणि दोन मिनिटांत मांड्या पेटतात. भार सीटवर टाकायचा आणि पायांनी फक्त चाक फिरवायचं. ऐकायला सोपं आहे, पण पाय सैल सोडायचे म्हणजे सगळं शरीर त्या एवढ्याशा सीटच्या भरवशावर टाकायचं.

मला इथे सीवूड्सच्या पाणथळीतले फ्लेमिंगो आठवतात. ते एका पायावर तासन्तास उभे असतात, मला वाटायचं काय तो बॅलन्स, केवढी मेहनत. तर मेहनत वगैरे काही नाही. 2017 साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी दाखवलं की मेलेला फ्लेमिंगोसुद्धा एका पायावर उभा करता येतो, सांध्यांची ठेवणच अशी आहे की स्नायूंना फारसं काम पडत नाही. दोन पायांवर मात्र ते कलेवर नीट उभं राहिना. मी जिवंत असून मला ते जमत नाही, असो.

कमरेतल्या वाकण्याचं आणखी वेगळं. पुढेमागे जाणारा तोल चाकाने सांभाळायचा असतो, आपण पुढे कललो की पेडल मारून चाक परत आपल्याखाली आणायचं. मी काय करायचे, कलले की कमरेत मोडायचे, म्हणजे डोकं पुढे आणि बूड मागे, आता चाकाने नेमकं कुणाच्या खाली जायचं? शिवाय नजर चाकावर, जसं काही ते पळून जाणारे. नजर खाली गेली की मान जाते, मानेमागून पाठ. लहानपणी शुभंकरोतीला बसलं की आई मागून पाठीवर टपली मारायची, "अगं, कुबड काढू नकोस." तेव्हा ऐकलं असतं तर आज नववीतल्या पोराकडून ऐकावं लागलं नसतं. आता नजर समोरच्या लेटरबॉक्सवर ठेवते. ते जवळ येतात तसतशी पाठ आपोआप वाकते, ते वेगळं.

पण खरा चिवट निघाला तो हात. हात पसरण्यात चूक काहीच नाही, डोंबाऱ्याची पोर दोरीवर चालताना आडवा बांबू धरते तेच तत्त्व, वजन दोन्ही बाजूंना लांब असलं की कलणं सावकाश होतं आणि सावरायला वेळ मिळतो. पण दोन्ही बाजूंना! माणसाचा एक हात म्हणजे अंगाच्या वजनाच्या साधारण पाच टक्के, माझ्या 64 किलोंत तीन किलोंच्या वर. तेवढी पिशवी मी उजवीकडे वर टांगायचे, मग खांदा वाकडा, तो सावरायला कंबर डावीकडे, आणि सायकल सारखी डावीकडच्या कुंड्यांत. मी आठवडाभर सायकललाच शिव्या घातल्या, सीट वाकडी आहे म्हणून पाना घेऊन पिरगाळली पण. वाकडी मी होते.

"हात खाली" म्हटलं की हात खाली यायचा आणि तिसऱ्या खांबाला परत वर. मला कळायचंही नाही. शेवटी गुरुजींनी त्यांच्या बॅडमिंटनच्या डब्यातनं दोन पिसांची शटल काढली आणि माझ्या दोन्ही हातांत एकेक दिली, पिसांकडून धरायची, बोटांच्या टोकांत. "काकू, महागडी आहेत, मोडायची नाहीत." आता मूठ आवळायची सोयच नाही. मूठ सैल तर मनगट सैल, कोपर सैल, आणि वर घट्ट धरायला काही नसलं की हात वर जायला बघतच नाही. तिसऱ्या खांबाला उजवं शटल थरथरलं, मला पिसं दिसली, हात तिथेच राहिला. पाचवा, सातवा, आठवा. नवव्याला मी इतकी खूश झाले की टाळी वाजवायला गेले. एका शटलची चार पिसं गेली, मी नवीन डबा आणून देणारे.

सोमवारी ट्रेनमध्ये नेहमीसारखी उभी होते. वाशी सुटलं, गाडी खाडीपुलावर आली आणि मान वर केली तर डब्यात सगळे उजवे हात वर, बांगड्या, घड्याळं, एकीच्या मनगटाला कॅनुलाचं स्टिकर अजून तसंच. म्हटलं बघू या. गुडघे जरासे सैल केले, नजर लांब दाराकडे, आणि हळूच हँडल सोडलं.

"मानखुर्दला का?" मागच्या बाईंनी विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत हँडल पकडलं.