पऱ्या वाहतोय तोवर : दापोली, शिरगाव आणि एक बंधारा

संगमेश्वर तालुक्यात आमची दीड एकर भातशेती आहे. भात कापलं की ती पुढच्या जूनपर्यंत पडून. जिथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे मार्चमध्ये विहिरीचा तळ दिसतो, हे लहानपणापासून बघत आलोय. यावर काय करता येईल ते शोधायला गेल्या नोव्हेंबरात चार दिवस फिरलो, आणि एप्रिलमध्ये त्यातला बंधारा पुन्हा जाऊन पाहिला. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

खेडला रेल्वेतून उतरून एसटीने दापोली. डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ इथे १९७२ पासून आहे. नुसतं 'शेती बघायची आहे' म्हणून जाऊ नका. आधी फोन करून कोणता विभाग बघायचा ते ठरवा, आणि आपल्या जमिनीचे, विहिरीचे, ओढ्याचे फोटो बरोबर ठेवा. मी डोक्यात फक्त बंधारा घेऊन गेलो होतो. तिथे मला पहिला प्रश्न विचारला गेला तो बियाण्याचा : "भात कोणतं लावता? हळवं की गरवं?"

हळवं म्हणजे लवकर पिकणारं, गरवं म्हणजे उशिरा. आम्ही सगळीकडे गरवं लावतो. ते नोव्हेंबरपर्यंत शेतात उभं असतं. कापून, झोडून मोकळे होईपर्यंत जमीन तडकलेली असते, मग कुळीथ पेरायचा कशावर? रत्नागिरी-१, रत्नागिरी-२४, कर्जत-१८४, कर्जत-३ या हळव्या जाती लवकर तयार होतात. शेत महिनाभर आधी मोकळं होतं आणि उरलेल्या ओलीवर एका नांगरटीत कुळीथ, वाल किंवा चवळी येते. त्यासाठीही विद्यापीठाच्या जाती आहेत : दापोली कुळीथ-१, कोकण वाल, कोकण सदाबहार चवळी. म्हणजे पाणी वाचवायचं पहिलं काम बियाण्याच्या पिशवीपासूनच सुरू होतं. हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं, याचं वाईट वाटलं.

पण सगळीकडे हळवं लावून मोकळं होऊ नका. ते पिकायला येतं तेव्हा परतीचा पाऊस असतो. भात आडवं पडलं तर दाणा लोंबीतच रुजतो. वरच्या कुणग्यांत, म्हणजे भाताच्या छोट्या खाचरांत, हळवं, खालच्या पाणथळ मळ्यात गरवं, हीच वाटणी बरोबर. खाडीकाठच्या खार जमिनीसाठी पनवेलच्या केंद्राच्या खारट पाणी सोसणाऱ्या जाती वेगळ्या आहेत.

दुसऱ्या दिवशी आतल्या एका गावात गेलो. तिथे पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, वनराई बंधारा घालायचं काम चालू होतं. मोहन धारियांच्या वनराई संस्थेवरून हे नाव पडलं. धारिया मूळचे महाड तालुक्यातल्या नात्याचे. रिकामी सिमेंटची नि खताची पोती मातीने भरायची, तोंडं शिवायची, आणि वीट रचतात तशी सांधे मोडून आडवी रचायची. दोन रांगांच्या मध्ये चिकणमाती ठासायची. एक काका कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून पोती लावत होते. म्हणाले, "पऱ्या वाहतोय तोवरच अडवायचं. डिसेंबर उजाडला की अडवायला काय उरत नाय."

मीही दुपारपर्यंत पोती भरली. जागा निवडताना त्यांनी जे पाहिलं ते लक्षात ठेवा : पात्र अरुंद, काठ उंच, आणि वरच्या अंगाला पाणी पसरायला सपाट जागा. तळाशी जांभा उघडा असेल तर त्याच्या भेगा आधी चिकणमातीने बुजवा, नाहीतर पाणी तळातूनच निघून जातं. जिथे दगड मुबलक आहेत तिथे कोकण विजय बंधारा बरा. दगड नुसते रचायचे आणि पाण्याच्या बाजूला प्लास्टिकचा कागद लावायचा. पोती पावसाआधी काढायला विसरू नका.

घाटावरची पाणलोटाची कामं जशीच्या तशी इकडे आणायचा मोह होतो. माथ्यापासून पायथ्याकडे कामं करत यायची हे तत्त्व इथेही खरंच आहे. पण तीव्र उतारावर, खाली घरं असतील तिथे, पाणी मुरवायचे चर खोदू नका. २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेत दरड कोसळून जे झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. आंबा-काजूच्या कलमांना अर्धचंद्राकृती बांध आणि कातळावर प्लास्टिक अंथरलेलं जलकुंड पुरतं. पावसाने भरलेल्या या छोट्या खड्ड्यातलं पाणी नव्या कलमांना उन्हाळ्यात घालता येतं.

शिरगावचं भात संशोधन केंद्र रत्नागिरी शहराजवळच आहे. 'रत्नागिरी' नावाच्या भातजाती तिथल्याच. दापोलीहून रत्नागिरीला एसटीने थेट जाण्यापेक्षा खेडला परत येऊन रेल्वे धरा, वेळ वाचतो.

एप्रिलमध्ये त्या गावात पुन्हा गेलो. बंधाऱ्यात पाणी नव्हतं. फेब्रुवारीअखेरीस आटलं म्हणाले. मी जरा खट्टू झालो. तेव्हा काकांनी मला खालच्या अंगाच्या विहिरीवर नेलं आणि कठड्यावरून वाकून बघायला लावलं. पाण्याच्या वर चार पायऱ्या दिसत होत्या. आदल्या वर्षी याच दिवसांत सात दिसायच्या. शेजारच्या कुणग्यात कुळथाची मुळं अजून होती.

बियाणं मे महिन्यातच घेऊन ठेवा, मृगाच्या तोंडावर हवी ती जात मिळत नाही. मी वरच्या तीन कुणग्यांपुरतं रत्नागिरी-२४ आणलंय. रिकामी पोती आतापासून साठवतोय. साठ झालीत, अजून तेवढीच लागतील.