दर्या की दऱ्या: अर्ध्या र नं खाल्लेले तीन आठवडे

शनिवारी रात्री, मी संगणकात उतरवत असलेल्या एका जुन्या छापील प्रवासवर्णन-पुस्तिकेची सगळी ११२ पानं पहिल्यांदाच एका मजकूर-फाइलमध्ये आली. हौसेनं ती फोनवर उघडली आणि 'दऱ्या' हा शब्द शोधला. निकाल आले फक्त तीन. देशावरून निघून घाट उतरून किनाऱ्यापर्यंत पायी गेलेल्या माणसाचं हे वर्णन आहे, नवव्या पानावरच मला नुसत्या डोळ्यांनी चार दऱ्या दिसतात!

स्कॅनिंगचं थोडक्यात सांगते. मागच्या वेळी म्हटलं होतं की झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन करून घेणार आहे. घेतलं, आणि पैसे वाया गेले: १५० डीपीआय (इंचाला फक्त १५० ठिपके), वर जेपीजी इतकं दाबलेलं की अनुस्वार कागदाच्या डागांत मिसळले. आता खिडकीजवळ, पानावर काच ठेवून फोनच्या साध्या कॅमेऱ्यानं फोटो काढते. स्कॅनर-ॲप मुद्दाम टाळते. ती परस्पर काळं-पांढरं करतात आणि खिळ्यांच्या जुन्या छपाईतली बारीक शिरोरेखा तुटते. पुढची साफसफाई स्कॅनटेलर ॲडव्हान्स्डमध्ये. मग फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर करणाऱ्या टेसरॅक्ट ५ या प्रोग्रामला मराठीचं 'बेस्ट' मॉडेल वेगळं उतरवून दिलं. 'फास्ट'पेक्षा वेळ जास्त लागतो, पण या छपाईला तेच हवं. पीएसएम ६ (म्हणजे अख्खं पान मजकुराचा एकच ठोकळा मान) आणि डीपीआय ३०० सांगितल्यावर पान बऱ्यापैकी स्वच्छ येतं.

मग दऱ्या गेल्या कुठे?

फाइल अक्षराअक्षरानं सोलली तेव्हा कळलं की हा शब्द चार वेशांत आला होता. पहिला खरा: ऱ (संगणकातला त्याचा अक्षर-क्रमांक यूनिकोड ०९३१), हलन्त, य. माझ्या फोनचा कीबोर्ड हाच टंकतो, म्हणून तेवढे तीन सापडले. दुसऱ्या वेशात साधा र, हलन्त आणि त्यामागे झिरो-विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण शोधणाऱ्या प्रोग्रामच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. तिसऱ्यात अर्ध्या र ची ती छोटी आडवी रेघ टेसरॅक्टनं चक्क हायफन समजून 'द-या' लिहिलं होतं. आणि चौथा वेश सगळ्यात वाईट: जॉइनर नाही, हायफन नाही, सरळ रफार. 'दर्या'. म्हणजे समुद्र.

पुस्तिका कोकणाची आहे. तिच्यात दऱ्याही आहेत आणि दर्याही आहे.

पहिल्या दोन वेशांचा निकाल एका ओळीत लागेल असं वाटलं होतं. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी लेखनं एकसारखी करणारी यूनिकोडची पद्धत) चालवलं आणि काहीच बदललं नाही. एनएफसी 'र अधिक नुक्ता (अक्षराखालचा टिंब)' यांना जोडून ऱ करतं, पण जॉइनरला हात लावत नाही. तेव्हा आधी 'र, हलन्त, जॉइनर' या तिकडीच्या जागी 'ऱ, हलन्त' घालायचं आणि मग एनएफसी. हे केल्याबरोबर शोधाचे निकाल ३ वरून ३१ वर गेले. त्या क्षणी मी एकटीच टाळ्या वाजवत होते.

हायफननं मात्र दोन रात्री घेतल्या. 'हायफननंतर य किंवा ह आला की ऱ् कर' असा नियम लिहिला. 'दुस-या' सुधारलं, 'त-हा' सुधारलं, आणि मग दिसलं 'राऱ्हिला'. आणखी खाली 'आऱ्हे'. ओळीच्या शेवटी शब्द तोडताना छापखान्यानं घातलेले हायफनही माझ्या नियमात सापडले होते. क्रम उलटा हवा: आधी ओळीच्या टोकाचे हायफन काढून शब्द सांधायचे, मग उरलेल्यांकडे बघायचं. कोणी हेच करणार असाल तर एवढं लक्षात ठेवा, तुमच्या दोन रात्री वाचतील.

उरला रफार. इथे सरसकट बदल करताच येत नाही. सूर्य, मर्यादा, पर्याय, कार्य हे सगळे जिथल्या तिथे राहायला हवेत. म्हणून प्रत्येक 'र्य' आणि 'र्ह' असलेल्या शब्दाची दोन्ही रूपं हनस्पेल या शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रामच्या मराठी कोशाला विचारली. एकच रूप कोशात असेल तर तेच घ्यायचं. 'कुर्हाड' आपोआप 'कुऱ्हाड' झाली, 'किनार्यावर'चं 'किनाऱ्यावर' झालं. ४३१ संशयितांमधले ३७३ असे सुटले. बाकीच्या ५८ शब्दांत काहींची दोन्ही रूपं खरी, काहींचं एकही रूप कोशात नाही. आचार्यांना की आचाऱ्यांना? पान ४१ वर गुरुजी जेवायला बसलेत आणि स्वयंपाकीही तिथेच वाढतो आहे!

त्या ५८ साठी पुन्हा पुस्तिका चाळत बसणार होते. पण टेसरॅक्ट टीएसव्ही म्हणजे तक्त्याची फाइलसुद्धा देतं, हे मधेच आठवलं. त्यात प्रत्येक शब्दाचा पानावरचा चौकोन आकड्यांत असतो. त्या आकड्यांवरून शब्दांचे तुकडे कापले, प्रत्येकासोबत आजूबाजूची पूर्ण ओळ ठेवली, आणि सगळे एका लांब चित्रात लावून आईच्या फोनवर पाठवले. तिनं चहा पिता पिता चाळीसेक निकाली काढले. "अगं, 'पसरल्या' म्हटलंय ना पुढे? मग दऱ्याच. समुद्र असता तर 'पसरला' असतं." क्रियापद बघायचं हे मला सुचलंच नव्हतं. तेही लगेच स्क्रिप्टमध्ये घातलं आणि आणखी अकरा सुटले.

मला वाटलं होतं की विभक्तीतही अशीच मदत मिळेल: 'दर्यात' एकवचन, 'दऱ्यांत' अनेकवचन, अनुस्वार बघायचा की झालं. पण पुस्तिका १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांच्या आधीची. तिच्यात 'घरांत', 'गांवांत', 'नांव', 'कांहीं' असंच आहे. एकवचनातही सप्तमीला अनुस्वार. म्हणजे समुद्रातलं तेही 'दर्यांत'. हे अनुस्वार मी काढणार नाही, मजकूर छापला तसाच राहील. त्यामुळे कोश जवळजवळ प्रत्येक ओळीवर अडतो, ते सोसायचं.

लिहिता लिहिता बेत बदलतोय. आतापर्यंत घरापुरती पीडीएफ एवढंच डोक्यात होतं. पण एवढी मेहनत झाल्यावर हे मराठी विकिस्रोत या ऑनलाइन मुक्त ग्रंथालयात जायला हवं. तिथे मूळ पान आणि मजकूर शेजारी-शेजारी असतात, माझ्या उरलेल्या चुका कोणीही पकडू शकेल. पण कॉपीराइट संपलेला असायला लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं उलटलेली असायला हवीत, म्हणून आधी त्यांच्या गावी चौकशी करणार आहे. तोवर फाइल घरातच.

सध्या सात शब्द अडले आहेत. सहा नुसते पुसट आहेत, काच नीट दाबून पुन्हा फोटो काढले की सुटतील. सातवा पान ७४ वर: 'पहांटें द...यांत धुकें दाटलें होतें'. नेमकं अर्ध्या र वर शाईचं बोट उमटलंय. लेखक त्या पहाटे घाटाच्या शेवटच्या वळणावर उभे आहेत, तिथून दोन्ही दिसतं. रत्नागिरीच्या मावसभावाकडे याच आवृत्तीची दुसरी प्रत निघाली आहे. तो रविवारी घरी असतो, तेव्हा त्याच्याकडून पान ७४ चा फोटो मागवणार आहे.