समुद्रातलं गवत आणि आण्णांचा ऊस

इटलीतल्या नेपल्सला येऊन दोन वर्षं झाली, तरी दर रविवारी फोनवर आण्णांचा प्रश्न ठरलेला: "एवढं शिकून तिकडं गवातच बघतीयास व्हय?"

बघते खरी. पण त्या गवताकडं बघण्याची सवय मला वाळव्याच्या आमच्या रानानंच लावली. कृष्णेचं पाणी आलं, ऊसावर ऊस झाला, निचऱ्याचं कुणी बघितलं नाही आणि खालच्या दीड एकरात मीठ फुटलं. उन्हाळ्यात सकाळी वरंब्यावर पिठी सांडल्यासारखा पांढरा थर, आणि 86032 या वाणाच्या उसाच्या पानांच्या कडा करपलेल्या. माती परीक्षणाच्या कागदावर ईसी, म्हणजे क्षार किती आहेत त्याचं माप, 4 च्या वर गेला की जमीन क्षारयुक्त धरतात. इथल्या भूमध्य समुद्राच्या पाण्याचा ईसी पन्नाशीच्या पुढं जातो, आणि त्यात पोसिडोनिया नावाचं माझं हे गवत चाळीसेक मीटर खोलीपर्यंत कुरणं करून मजेत उभं असतं.

हे शेवाळ नव्हे बरं का. मूळ, खोड, पान, फूल, फळ सगळं असलेली, उसासारखीच एकदल वनस्पती. सागरी गवतांचे पूर्वज जमिनीवरचे, नंतर कमीत कमी तीन वेगवेगळ्या वेळी समुद्रात परतलेले. झोस्टेरा या त्यांच्या भाऊबंदाचा पूर्ण जनुकसंच 2016 साली वाचला गेला, तेव्हा पानावरची श्वासरंध्रं घडवणारी जनुकंच गायब सापडली. उलट पेशीभित्तिकेत समुद्री शेवाळांसारख्या गंधकयुक्त शर्करा आल्या होत्या. त्या पाणी धरून ठेवतात. आत शिरलेलं सोडियम बाहेर हाकलायला पेशीच्या पडद्यावर पंप आहेतच.

म्हणजे मीठ हे त्याचं दुखणं नाही. त्याला छळते उष्णता.

अंडं उकडलं की पांढरं घट्ट होतं आणि परत पातळ होत नाही, तशी उष्णतेनं पेशीतली प्रथिनं आपला आकार सोडतात. मग हीट शॉक प्रोटीन नावाची मंडळी धावतात. जत्रेच्या गर्दीत पडलेल्याला बखोटीला धरून उभं करावं, तशी ती वेडीवाकडी झालेली प्रथिनं सावरतात. ती बनवण्याच्या चिठ्ठ्या, म्हणजे आरएनए, पाणी तापल्यावर काही तासांत वाढतात. पान अजून हिरवंगार असतं, पण आत बोंबाबोंब सुरू झालेली असते. माझं काम म्हणजे त्या चिठ्ठ्या वाचणं.

पहिल्या खेपेला मी ते पार वाया घालवलं. पानावरचं शेवाळ खरवडत बसले, द्रव नायट्रोजनमध्ये टाकायला उशीर केला. पोसिडोनियात फिनॉल नावाची रसायनं ठासून भरलेली. कुटल्यावर नळीत चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी गाळ आणि आरएनए शाबूत आहे का ते बघायच्या जेलवर स्पष्ट पट्ट्यांऐवजी नुसता फराटा. त्यात पान तोडणं हाही झाडाला ताणच. रेंगाळलात तर समुद्राच्या उष्णतेऐवजी तुमच्याच कात्रीचा परिणाम मोजून बसाल. आता आधी गोठवते, बाकी सगळं नंतर.

दिवाळीत घरी आले तेव्हा आण्णांना यातलं जे सगळ्यात पटलं, ते मला अपेक्षित नव्हतं. 2003 च्या उन्हाळ्यात भूमध्य समुद्र विलक्षण तापला आणि एरवी क्वचित फुलणारं पोसिडोनिया ठिकठिकाणी फुलून आलं. पुढं टाक्यांत पाणी तापवून बघितलं, तिथंही फुलं आली. हे सांगितल्यावर बांधावर टेकलेले आण्णा एकदम सावरून बसले.

"म्हंजे तुरा काढला म्हण की. जिवावर आलं की झाड बी धरायला बघतंय."

शेजारचे तात्या म्हणाले, "मग त्या गवताचं जनुक काढून आपल्या उसात घाल की, पोरी."

मी म्हटलं, तात्या, एका जनुकाचं काम नाही ते. त्या गवतानं पाण्याखाली राहायचं म्हणून श्वासरंध्रं टाकून दिली. त्यांच्याशिवाय ऊस हवेत उभा राहायचा कसा? आणि मिठाचं पाणी खालून निघून गेलं नाही, तर वर कुठलंही वाण लावा, करपणारच.

आण्णांनी वरंब्यावरची पांढरी माती चिमटीत घेतली, जिभेला लावली आणि थुंकून टाकली.

"सोमवारी जेसीबीवाल्याला बोलीवतो," ते म्हणाले. "चर काढू."